वयस्कर माणसं कॉम्प्युटर शिकायला का तयार नसतात?

'वडील ६७ वर्षांचे आहेत, दहा वेळा सांगूनही कॉम्प्युटर शिकत नाहीत, म्हातारपणी माणूस इतका हट्टी का होतो?' असं विचारलंय तुम्ही. मी ७३ वर्षांचा. म्हणजे तुमच्या प्रश्नातला हट्टी म्हातारा मीच.

दहा वेळा सांगितलं म्हणजे नक्की काय केलंत? माझ्या मुलानेही 'सांगितलं' होतं. हातातला माउस काढून घेतला, सात ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाला, "झालं. किती सोपं आहे!" जन्मभर हिशेब लिहिले, ताळेबंद कधी चुकला नाही. आणि इथे, "बाबा, तुम्ही हात लावू नका."

निमित्त एका फाईलचं. मी डबल क्लिक करत होतो, पण बोट सावकाश चालतं. विंडोजमध्ये दोन क्लिकमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेला की ते डबल क्लिक धरलंच जात नाही. फाईलच्या नावावर असं थांबून दुसऱ्यांदा क्लिक केलं तर नाव बदलायची चौकट उघडते. तशी ती उघडली. मी गडबडून कुठलं तरी बटण दाबलं, वर एंटर. फाईल गायब! पुढे वर्षभर घरात 'बाबांनी फाईल उडवली'.

उडवली नव्हती. एक दिवस एकटाच शोधत बसलो तेव्हा सापडली. नाव नुसतं 'के', तारीख जुनीच. तेव्हाच कंट्रोल झेड दाबलं असतं तर नाव परत आलं असतं. हे त्या टकटकवाल्याला सुचलं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करायची पट्टी असते, तीही मीच शोधली.

२०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं, तेव्हा तरुणही चाचपडत होते. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. त्यांना नाही कुणी हट्टी म्हटलं.

तेव्हा आधी ती पट्टी बघा, आणि वडिलांच्याच हातून सरकवून घ्या. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहा. अर्थात काहींची नजर अधू असते, काहींची बोटं आखडलेली असतात, आणि काहींना खरंच गरज वाटत नाही, तेही चालायचंच.

मुलाला ती 'के' फाईल उघडून दाखवली. म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं ना, बाबा!"