उपमुख्यमंत्री, दुष्काळ आणि डिस्प्निया

प्रश्न थोडक्यात असा: आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या कोर्सला नुकताच प्रवेश घेतलाय, बारावीपर्यंत सगळं मराठी माध्यमात, हातात तीनशे इंग्रजी वैद्यकीय शब्दांची झेरॉक्स, तीन आठवड्यांनी चाचणी आणि काहीच पाठ होत नाही. स्पेलिंगची तर बोंबच. काय करू?

आधी ती झेरॉक्स घडी घालून ठेव. (वयानं बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.) अठरा वर्षं रुग्णवाहिकेत आणि कॅज्युअल्टीत काढली, आता नव्या मुलांना शिकवतो. ए पासून झेडपर्यंत यादी घोकणाऱ्याला रात्री तीन वाजता नेमका हवा तो शब्द आठवलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही.

हे शब्द आपल्या व्याकरणासारखेच बांधलेले असतात. पुढे उपसर्ग, मध्ये मूळ शब्द, शेवटी प्रत्यय. त्यातले उपसर्ग तुला आधीच येतात, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. ग्रीक आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा. त्यांचा 'डिस' म्हणजे आपला 'दुस्'. दुष्काळ, दुर्गंध, दुर्दशा यांतला. डिस्प्निया म्हणजे श्वासाची दुर्दशा, धाप. डिसयुरिया म्हणजे लघवीची दुर्दशा, जळजळ किंवा दुखणं. त्यांचा 'पेरी' म्हणजे आपला 'परि', परिसर आणि परिघातला. हृदयाभोवतीचं आवरण ते पेरीकार्डियम. हाडाला ते 'ऑस्टिओ' म्हणतात, आपण अस्थी. नकाराचा 'अ' तर नियमासकट तोच. आपण अज्ञान म्हणतो, पण पुढे स्वर आला की अनादर, अनावर. ते एप्निया म्हणतात, म्हणजे श्वास नाही. पुढे स्वर आला की अन्युरिया, म्हणजे लघवी नाही.

सगळ्यांना नडणारी जोडी हायपर आणि हायपो. हायपर म्हणजे 'उपरि', वर. हायपो म्हणजे 'उप', खाली. उपमुख्यमंत्री मुख्यमंत्र्यांच्या खाली असतात, तसा. ही युक्ती सांगितल्यापासून माझ्या वर्गात हायपो कुणी चुकलेलं नाही. राजकारण समजत नाही असं म्हणणारीसुद्धा.

शेवटचे प्रत्यय पाच-सहा केलेस की खूप झालं. 'आयटिस' म्हणजे सूज किंवा दाह. 'ईमिया' म्हणजे रक्तातलं काहीतरी. 'युरिया' लघवीचं, 'प्निया' श्वासाचं, 'प्लेजिया' म्हणजे लुळं पडणं. पुढे टॅकी लावलं तर जलद, ब्रॅडी लावलं तर संथ. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की टॅकीकार्डिया, साठच्या खाली आली की ब्रॅडीकार्डिया. श्वास मिनिटाला १२ ते २० ठीक, त्याच्या वर टॅकीप्निया. शस्त्रक्रियेच्या शब्दांत एक्टॉमी म्हणजे काढून टाकलं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड पाडलं (स्टोमा हा ग्रीक शब्दच तोंडासाठी आहे). म्हणून पेशंटची ट्रेकिऑस्टॉमी झालीय, म्हणजे श्वासनलिकेला तोंड पाडलंय, असं कळलं की त्याच्या गळ्याकडे आधी बघायचं. श्वास तिथून चाललाय. नाकातोंडावर मास्क लावून बसलास तर ऑक्सिजन वाया.

आता एक चूक सांगतो, माझीच. नोकरीचं दुसरं वर्ष. साठीच्या आजी, घामानं चिंब, काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ४२. मी रुबाबात दवाखान्यात फोन करून कळवलं, 'हायपोग्लायसेमिया आहे, घेऊन येतोय.' घाटाचा रस्ता, रेंज येत-जात होती. पलीकडे ऐकू गेलं हायपर. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या सिस्टरनं इन्सुलिनची बाटली फ्रीजमधून काढून ट्रेमध्ये ठेवलेली. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे साखर पुन्हा तपासली म्हणून निभावलं. सत्तरच्या खालची साखर म्हणजे कमीच, आणि ४२ ला इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं ते तुला कोर्समध्ये शिकवतीलच. तेव्हापासून फोनवर मी हायपो-हायपर म्हणतच नाही. 'साखर कमी, बेचाळीस, चार-दोन.' 'बीपी कमी, ऐंशी-पन्नास.' आकडा आणि साधा शब्द. मोठा शब्द वहीत लिहायचा, बिनतारीवर नाही.

कानाला फसवणारी आणखी एक जोडी आहे. डिस्फेजिया म्हणजे गिळताना त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडथळा. आपल्या उच्चारात ज आणि झ कुठे इतके वेगळे निघतात? लकव्याच्या पेशंटला दोन्ही असू शकतं, म्हणून सरळ सांगायचं: 'पाणी गिळता येत नाही', 'शब्द सापडत नाहीत'.

काही शब्दांचा अर्थ घरी एक आणि दवाखान्यात दुसरा. 'पेशंट शॉकमध्ये आहे' म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, मनाला धक्का बसला. आपल्याकडे शॉक म्हणजे शरीराच्या पेशींना पुरेसा रक्तपुरवठा न होणं: नाडी जलद, हातपाय गार, अंगाला घाम, आणि बीपी पडतं ते बऱ्याचदा उशिरा. त्यात आपण छातीला यंत्र लावून विजेचा झटका देतो तोही शॉकच. एकाच खोलीत तिन्ही अर्थ फिरत असतात. तसंच अटॅक आणि अरेस्ट. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडलेला असतो, माणूस बोलत असतो, कित्येकदा चालत जिना उतरतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबलेलं. हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तिथे लगेच छाती दाबायला घ्यायची, मिनिटाला १०० ते १२०. 'मॅसिव्ह अटॅकनं जागीच गेले' हे पेपरात वाचतो तेव्हा अरेस्टच झालेला असतो. आणि सीव्हीए ही अक्षरं चिठ्ठीवर दिसली तर स्ट्रेचरसोबत मानेची कॉलर आणि फळी घेऊन धावू नकोस. त्यातला ए हा ॲक्सिडेंटचा आहे खरा, पण तो मेंदूच्या रक्तवाहिनीतला, म्हणजे लकवा. आमच्यातला एक पठ्ठ्या धावला होता. फिट या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. 'पेशंट फिट आहे' आणि 'पेशंटला फिट आली' यांच्यामध्ये एका क्रियापदाचं अंतर.

पण खरं सांगू, तुझी झेरॉक्स अर्धीच आहे. उरलेले शब्द कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळत नाहीत, कारण ते डॉक्टरांचे नाहीत, पेशंटचे आहेत.

मी शहरात वाढलेला. एका पावसाळ्यात पहाटे वाडीवर पोचलो, ओट्यावर दहा-बारा वर्षांचा पोरगा. आजोबा म्हणाले, 'पोराला पान लागलंय.' मला वाटलं, तंबाखूचं पान खाऊन चक्कर आली. मी विचारलं, 'कधी खाल्लं?' आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. ड्रायव्हरकाका मागून ओरडले, 'अहो, साप चावलाय!' रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'पान लागलं' म्हणतात. अंगावर खूण म्हणावी अशी नव्हती. पोरगा रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. मी त्याला वर बघ म्हटलं, तर पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. हा टोसिस. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला पी असतो, उच्चारात नसतो. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर काम करतं, म्हणजे न्यूरोटॉक्सिक: आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठण बिघडवतं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. त्याला हिमोटॉक्सिक म्हणतात. त्या दिवशी वाटेत श्वास मंदावला तसा पिशवीनं श्वास देत दवाखान्यात आणला, तिथे प्रतिसर्पविष मिळालं, पोरगा वाचला. पण 'कधी खाल्लं' हा माझा प्रश्न आठवला की अजून कान गरम होतात.

विंचवाचंही तसंच. कोकणात 'विंचू उतरला नाही, चढलाय' असं सांगतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं की विंचवाच्या दंशात जीव जातो तो वेदनेनं नव्हे, तर हृदयावर येणाऱ्या ताणानं आणि फुप्फुसात पाणी भरल्यानं, आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फुप्फुसात पाणी म्हणजे पल्मनरी इडिमा. 'चढलाय' म्हणणाऱ्याचा घाम, गार हात आणि फेसाळ थुंकी बघितलीस तर तो शब्द किती नेमका आहे ते कळेल.

म्हणून वहीला दोन रकाने कर. डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे डॉक्टरांचे. अंगावरून वारं गेलं: लकवा, हेमिप्लेजिया. अंगावरून जातंय: बाईला पाळीच्या मार्गानं स्राव किंवा रक्तस्राव. 'वारं' हा एक शब्द ऐकायचा राहिला तर मेंदूचा पेशंट स्त्रीरोग विभागात जाईल. आकडी किंवा फेफरं: कन्व्हल्जन. घेरी आणि भोवळ यांत माणूस शुद्धीवर होता की पडला, ते विचारून घे. शुद्ध हरपून पडला असेल तर सिंकपी. 'बीपी आहे' म्हणजे बीपी जास्त असतं आणि गोळी चालू आहे (बीपी सगळ्यांनाच असतं, पण हा विनोद तिथे करू नये). पहिलटकरीण म्हणजे प्रायमिग्रॅव्हिडा; आपला शब्द किती छान, बघ. पाणमोट फुटली का, कळा किती मिनिटांनी येतात, हे मराठीतच विचारायचं. आणि 'गॅस झालाय, छातीत चढलाय' हे ऐकून उजव्या रकान्यात ॲसिडिटी लिहू नकोस. घाम आणि डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर त्या गॅसचा ईसीजी काढायचा.

बेशुद्धीच्या बाबतीत 'अर्धवट शुद्धीत' लिहिलेलं चालत नाही, कारण प्रत्येकाचं अर्ध वेगळं. ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलं ते यासाठीच. डोळे उघडण्याला (ई) जास्तीत जास्त ४, बोलण्याला (व्ही) ५, हालचालीला (एम) ६, एकूण १५. शून्य नाहीच, कमीत कमी ३. एकूण सांगू नकोस, फोड करून सांग: 'ई दोन, व्ही दोन, एम चार.' आठच असलेल्या दोन पेशंटची अवस्था अगदी वेगळी असू शकते. घाईत असशील तर चार पायऱ्या पुरतात: जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, कशालाच नाही.

चिठ्ठ्यांवरची लघुरूपं चाचणीला हमखास येतात, ती करच. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता, एनबीएम म्हणजे तोंडानं काही नाही, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस. मात्र डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा. आणि उजवा-डावा नेहमी पेशंटचा, तुझा नाही.

राहता राहिलं स्पेलिंग. इलियम दोन आहेत. मध्ये आय असलेलं कमरेचं हाड, मध्ये ई असलेलं लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार एकच. एका अक्षरानं हाडाचं आतडं होतं. खात्री नसली की मी अजूनही लिहितो, 'उजव्या खुब्याच्या वर, हाडावर दाबलं की दुखतंय', आणि आजवर एकाही डॉक्टरनं तो कागद परत पाठवलेला नाही. चाचणीत मात्र स्पेलिंगचे मार्क कापतात. तेवढ्यापुरती घडी उघडून झेरॉक्समधले एकसारखे दिसणारे दहा-पंधरा शब्द लिहून लिहून गिरव.