रेषा एवढी जाड का?

प्रश्न: यिगच्या (यिट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय स्फटिकाच्या) गोळीचा फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स (चुंबकीय फील्डमध्ये मायक्रोवेव्ह किती शोषली जाते ते मोजणं) घेतला तर शोषणाची रेषा फारच जाड आली, सर म्हणाले गोळी अजून पॉलिश कर. पॉलिशचा काय संबंध?

उत्तर: चांगलाच आहे! पृष्ठभागावर खड्डे असले की जागोजागी फील्ड थोडं वेगळं, मग सगळ्या स्पिनचा (अणूंच्या इवल्या चुंबकांचा) ताल जमत नाही, एनर्जी दुसऱ्या स्पिनवेव्हजमध्ये (स्पिनच्या डोलण्याच्या लाटांमध्ये) पळते आणि रेषा फुगते. हे झालं जागचं न हलणारं रँडम फील्ड. उष्णतेमुळे येणारं रँडम फील्ड मात्र क्षणाक्षणाला बदलतं, भौतिकशास्त्रज्ञ ब्राऊननी 1963 मध्ये ते मांडताना त्या फील्डला आठवणच नाही, म्हणजे त्याचा मागच्या क्षणाशी काही संबंध नाही, असं धरलं, आणि बहुतेकदा चालतंही. पण 10 गिगाहर्ट्झला स्पिनची एक फेरी 0.1 नॅनोसेकंदाची, आठवण तेवढी टिकली तर डॅम्पिंग (स्पिनची हालचाल मंदावणं) मागच्या हालचालीवरही अवलंबून राहतं, रेषा जरा सरकते, आकारही बिघडतो. तुमचं प्रकरण खड्ड्यांचंच वाटतंय, बारीक डायमंड पेस्ट घ्या.