पैशाला ‘पाऊस’ म्हणणारा देश : बोट्स्वानाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या समुद्रकिनारा नसलेल्या देशांचा धावता आढावा होता. त्यात बोट्स्वानाच्या वाट्याला चारच ओळी आल्या आणि पत्रे मात्र सगळ्यांत जास्त त्याच्यावरच आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

बोट्स्वाना, मोत्स्वाना, बात्स्वाना, सेत्स्वाना... नक्की खरे नाव कोणते? आणि देश आहे तरी केवढा? (सातारा)

चारही खरी. मूळ शब्द ‘त्स्वाना’, त्याच्या आधी काय लागते त्यावर अर्थ ठरतो. ‘बो’ लागला की देश, ‘मो’ लागला की एक माणूस, ‘बा’ लागला की अनेक माणसे आणि ‘से’ लागला की भाषा. आपण प्रत्यय शब्दाच्या शेपटीला लावतो, ते डोक्याला लावतात, एवढेच. राजधानी गॅबरोनी अशी छापली जाते, पण तिथला माणूस पहिले अक्षर घशातून खाकरल्यासारखे ‘ख’कडे झुकवून म्हणतो.

क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींहून जास्त. माणसे २०२२च्या जनगणनेत साडेतेवीस लाखांच्या घरात, म्हणजे एकट्या पुण्यात याहून जास्त भरतील. त्यांतलीही बहुतेक पूर्वेच्या पट्ट्यात, जुन्या रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला राहतात, कारण उरलेल्या भागावर कलहारीची वाळू पसरलेली आहे.

चलनाचे नाव ‘पुला’. सेत्स्वानात पुला म्हणजे पाऊस. सभेच्या शेवटी लोक ‘पुला!’ अशी आरोळी देतात, राष्ट्रचिन्हावरही हाच शब्द आहे. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचे चलन काढले तेव्हा दुसरे नाव कशाला शोधायचे?

समुद्र नाही, मग ओकावांगो नदी जाते कुठे? आणि पाऊस नसताना तिला पूर कसा येतो? (सांगली)

पूर उसना आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी मार्च-एप्रिलच्या सुमारास बोट्स्वानाच्या हद्दीत शिरते आणि त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला, माऊन गावापाशी पोहोचायला जून-जुलै उजाडतो. अंतर अडीचशे किलोमीटरच, पण उतार इतका अल्प की तीन-चार किलोमीटरला जेमतेम मीटरभर. त्यात पपायरस या उंच लव्हाळ्याची दाट झाडी आणि गवत. म्हणून आसपासची पाणवठी आटलेली असतात, नेमक्या त्या कोरड्या हिवाळ्यात इथे पाणी चढते आणि जनावरे गोळा होतात. २०१४ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले हजारावे स्थळ ठरला.

जाते कुठे, तर वर. बहुतेक सगळे पाणी बाष्प होऊन उडते, थोडे जमिनीत मुरते आणि अगदी थोडे, दोनेक टक्के, पुढच्या नद्यांत निसटते. आता इथे खरी गंमत आहे. पाणी उडाले की क्षार मागे राहतात, आपल्याकडे अति पाण्याने उसाची जमीन खारवते तशी. मग हजारो वर्षांत ओकावांगोचे मिठागर का झाले नाही?

याचे उत्तर बेटांत आहे. पुष्कळ बेटांची सुरुवात वाळवीच्या वारुळातून होते. वारूळ पाण्याच्या वर राहते, त्यावर झाड रुजते. कडेची मोठी झाडे मुळांनी पाणी खेचून पानांवाटे उडवतात, तसे आजूबाजूचे पाणी बेटाखाली ओढले जाते आणि क्षार बेटाच्या पोटात साचत जातात. विमानातून पाहिले तर बेटाला हिरवी किनार आणि मधोमध टक्कल दिसते: तिथे मीठ इतके चढलेले असते की झाड तगत नाही. भोवतीचे पाणी मात्र गोडेच राहते.

आमच्या कारखान्यात बोट्स्वानाची रफ (कच्चे हिरे) येते. एवढे हिरे असून हा देश आफ्रिकेतल्या इतर खाण-देशांसारखा यादवीत कसा सापडला नाही? (सुरत)

नशिबाचा भाग आहे, पण वेळेवर केलेल्या एका कायद्याचाही आहे. ३० सप्टेंबर १९६६ला ब्रिटिश गेले तेव्हा देशात डांबरी रस्ते डझनभर किलोमीटर असतील-नसतील. इंग्रजांनी राज्यकारभारही देशाबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगमधून हाकला होता. पुढच्याच वर्षी, १९६७ला, ओरापाला हिऱ्यांची नळी, म्हणजे जमिनीत खोल उतरलेला हिरे असलेल्या खडकाचा उभा खांब, सापडली. ती जागा बामांग्वाटो जमातीची, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या घराण्याचे वारस होते त्यांचीच. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने जमिनीखालचे खनिज जमातीचे नव्हे, देशाचे ठरले. स्वतःच्या माणसांचा हक्क आधी सोडल्यावर बाकीच्या जमातींना नाही म्हणायला तोंड उरले नाही.

डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबरच्या भागीदारीत, आजच्या डेब्स्वानात, सरकारचा वाटा आधी १५ टक्के होता, तो १९७५ला ५० झाला. ओरापा १९७१ला सुरू झाली, ज्वानेंग १९८२ला. मूल्याच्या हिशेबात ज्वानेंग जगातली सर्वांत श्रीमंत खाण मानली जाते. ती सापडली तीही वाळवीमुळे. हिऱ्याची नळी पन्नासेक मीटर वाळूखाली गाडलेली. ओलाव्याच्या शोधात वाळवी खोल उतरते आणि माती वर आणताना गार्नेट व इल्मेनाइट या हिऱ्यांच्या नळीत सापडणाऱ्या खनिजांचे बारीक कणही आणते. भूवैज्ञानिक वारुळे आणि वाळू चाळून ते लाल-काळे कण मोजत गेले.

२०१३पासून डी बिअर्सची रफची विक्री लंडनहून गॅबरोनीला आली, म्हणून सुरत-मुंबईच्या पेढ्यांची तिथे ये-जा वाढली. काहींचे पैलू पाडण्याचे कारखानेही तिथे आहेत, कारण सरकारला दगड नुसता कच्चा बाहेर जाऊ द्यायचा नाही.

आता दुखणे. निर्यातीतला सुमारे ८० टक्के पैसा हिऱ्यांचा, त्यामुळे मागणी शिंकली की तिजोरीला ताप. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले आणि २०२४ला अर्थव्यवस्था आकसली. ते हिरे मोठ्या प्रमाणात तुमच्याच शहरात तयार होतात हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षीच्या निवडणुकीत, ५८ वर्षांच्या सलग सत्तेनंतर, बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी हरली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी निकाल लागताच पराभव मान्य केला आणि डूमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले.

तिथे ज्वारी खातात असे वाचले. भाकरी करतात का? (सोलापूर)

भाकरी नाही, घाटा. ज्वारीला ‘माबेले’ म्हणतात आणि तिच्या पिठाच्या घट्ट घाट्याला ‘बोगोबे’. आंबवलेला असेल तर ‘टिंग’. आंबील करणाऱ्या घराला हे जमेलच. एक वाटी भरड पीठ, दळणाचे मऊ नको, दीड वाटी कोमट पाण्यात कालवायचे, आधीच्या आंबवणाचा चमचाभर घालून झाकून उबेला ठेवायचे. चोवीस तासांत आंबूस वास येतो, थंडीत दोन दिवस लागतात. मग अडीच-तीन वाट्या पाणी खळखळून उकळायचे, कालवण धारेने सोडत सतत घोटायचे आणि मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटे शिजवायचे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होणारच. तळाला लागू नये म्हणून ते तीन पायांचे जाड बिडाचे भांडे वापरतात.

सोबत लग्ना-मयताला ‘सेस्वा’: बीफ फक्त पाणी आणि मिठात तासन्‌तास शिजवून कुटलेले. शाकाहारी माणसाने ‘दिकगोबे’ (चवळी आणि धान्य एकत्र शिजवलेले) आणि ‘मोरोगो’ विचारावे. मोरोगो म्हणजे पालेभाजी, बहुतेकदा चवळीच्या पानांची.

स्वतः गाडी चालवत कलहारी आणि मिठाची मैदाने पाहायची आहेत. काय सांभाळावे? (पुणे)

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हायवेवर अडचण नाही. अडचण अंधारात. गाई आणि गाढवे डांबरावर येऊन उभी राहतात, तेव्हा सूर्यास्ताआधी मुक्कामाला पोहोचा.

वाळूत चाकांची हवा कमी करावी लागते. डांबरी रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असेल तर खोल वाळूत १८-२२वर आणा. टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. मात्र परत डांबरावर येताच हवा भरा, नाहीतर टायरची कड तापून फुटते. म्हणजे पंप आणि हवेचे मीटर सोबत हवेच. पावसाळ्यानंतर, फेब्रुवारी ते मे, गवत कमरेएवढे असते. त्याचे कुसळ रेडिएटरच्या जाळीत भरून इंजिन तापते. सायलेन्सरवर साचले तर पेटही घेते. पुढे बारीक जाळी बांधा आणि थांबाल तेव्हा खाली वाकून बघा.

मकगडिकगडी या मिठाच्या मैदानावर वरचा थर सिमेंटसारखा दिसतो, आत चिखल असतो. तिथे फक्त आधीच्या चाकोरीतूनच चाला. रुतलात तर मदत यायला दोन दिवस लागू शकतात, म्हणून माणशी रोज पाच लिटर पाणी धरून चला. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि आफ्रिका म्हणून सुती कपडेच नेणारे कुडकुडतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, सामान्यांना ते घालायला बंदी आहे. मलेरियाची गोळी माऊन, चोबे या उत्तरेकडच्या भागांसाठी डॉक्टरांना विचारून घ्या. गॅबरोनीला लागत नाही.

वाटेत जनावरांच्या कुंपणावर नाका लागेल. उत्तरेत रानरेड्यांकडून लाळ-खुरकुत पसरते आणि रोग दक्षिणेत गेला तर युरोपला जाणारे बीफ बंद पडते. म्हणून दक्षिणेकडे येताना कच्चे मांस काढून घेतात, बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात, चाकेही तशीच धुतात. वाद घालू नका.

बंदरच नाही तर माल येतो कसा? (उरण)

बराचसा दक्षिण आफ्रिकेतून रस्त्याने. त्यांच्यासह पाच देशांचा जकात संघ १९१०पासून आहे, त्यामुळे आपसात जकात नाही. नामिबियाच्या वॉल्व्हिस बे बंदरात बोट्स्वानाने स्वतःसाठी जागाही घेतली आहे. उत्तरेकडची कोंडी काझुंगुलाची होती. झांबियाशी असलेली हद्द झांबेझी नदीवर दीडेकशे मीटरच आणि तराफ्यासाठी ट्रक कित्येक दिवस खोळंबत. मे २०२१मध्ये तिथे ९२३ मीटरचा पूल झाला. नकाशात पाहाल तर तो सरळ नाही, मधेच वाकलेला आहे. सरळ बांधला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरला असता.