तारांखालचा कागद

प्रिय,

तू पाठवलेली सहाही गाणी दोनदा ऐकली. सोबत लिहिलं आहेस, "प्रत्येकात कुणाचा ना कुणाचा भास होतो, म्हणून अल्बम काढायचा धीर होत नाही." एवढ्यावरून थांबू नकोस. आधी अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची पहिली एलपी, म्हणजे पहिली मोठी तबकडी, ऐक: 'विथ हिज हॉट अँड ब्लू गिटार', १९५७ सालची. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने काढलेलीही ती पहिलीच एलपी.

बारा गाणी आहेत. एक लोकगायक लेड बेलीने गाजवलेलं, एक कंट्री गायक हँक विल्यम्सचं, एक भक्तिगीत, एक रेल्वे अपघातावरचं जुनं गाणं. आर्कान्सातल्या डायेस गावी, कापसाच्या शेतात आणि घरच्या रेडिओपाशी जे कानावर पडलं, ते सगळं त्याच्या गळ्यात मुरलं होतं.

तरी ऐकताक्षणी कळतं, हा कॅश. ड्रमर नव्हताच. साथीला ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट, दोघंही मोटारी दुरुस्त करणारे. गिटारवर ल्यूथरची बोटं जलद चालत नसत, म्हणून तो हाताने तारा दाबून एकेक स्वर ठोक्यासारखा वाजवी. 'आय वॉक द लाइन'मध्ये तर कॅशने गिटारच्या तारांखाली कागदाचा कपटा सरकवला. तार छेडली की खर्रखर्र, थेट ड्रमसारखं! त्याच गाण्यात कडव्याआधी तो गुणगुणतो, तिथे नीट कान दे. कडव्यागणिक षड्ज बदलतो आणि तो नवा सा शोधत असतो. आपले गवई तंबोऱ्यावर सा लावून घेतात तसा. ती गुणगुण त्यांनी तशीच ठेवली. मला गाण्याइतकीच ती आवडते.

एक गोष्ट मात्र त्याचं बघून करू नकोस. याच एलपीवरच्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'ची चाल आणि बऱ्याच ओळी संगीतकार गॉर्डन जेंकिन्सच्या १९५३च्या एका गाण्यातल्या. कॅशने ते हवाईदलात, जर्मनीत असताना ऐकलं होतं. रेकॉर्डवर जेंकिन्सचं नाव नव्हतं. पुढे कॅशला भरपाई मोजावी लागली. तुझ्या तिसऱ्या गाण्याचा मुखडा कुठून आलाय, हे तुलाही ठाऊक आहे. ज्यांचा तो आहे त्यांना फोन कर, परवानगी घे, नाव छाप.

आणि चौथ्या गाण्यात वरचा स्वर लागत नाही म्हणून तुझा गळा खाली उतरतो, ती ओळ दुरुस्त करू नकोस. सहा गाण्यांत तिथेच मला फक्त तू ऐकू येतेस.

रविवारी गिटार घेऊन ये. कागद मी फाडून ठेवतो.

– दादा