120 व्होल्टचं राउटर जळालं, आणि विक्रेता म्हणतो तुम्ही ग्राहकच नाही

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. सांगलीत तुमचं एकट्याचं सुतारकामाचं दुकान, हाताखाली एक पोरगा, ऑनलाइन 11,400 रुपयांचं बाहेरदेशातलं राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, मागवलं, पहिल्याच दिवशी प्लायवर लावलं तर भलत्याच जोरात किंचाळलं, मिनिटभरात मोटरच्या ब्रशपाशी ठिणग्या, धूर, बंद. उलटं करून बघितलं तर प्लेटवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आता विक्रेता म्हणतो प्लेट न वाचता लावलंत, शिवाय धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.

सगळ्यात आधी, ते ओळखीचे वाइंडिंगवाले आहेत ना, त्यांना मशीनला हात लावू देऊ नका. एकदा का आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बदललं की समोरचा म्हणणार मशीनमध्ये फेरफार केलाय, आणि उद्या ग्राहक आयोगाने तपासणीला लॅबकडे पाठवायचं म्हटलं तर पाठवणार काय? जळालेलं आहे तसं खोक्यात ठेवा, प्लेटचा फोटो काढा.

आणि तो छोटा अडॅप्टर, खोक्यात मशीनबरोबरच आलेला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज कमी करत नाही, त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. आपल्या सॉकेटला 230 व्होल्ट, म्हणजे मशीनवर जवळजवळ दुप्पट दाब आला, ते टिकणार कसं. पण चपट्या पिनांचं मशीन आपल्या सॉकेटात बसावं म्हणून तो अडॅप्टर दिला कोणी? विक्रेत्याने. भारतात लावा असंच त्याने सांगितल्यासारखं झालं की, मग प्लेट वाचली नाही हे तुमच्या गळ्यात कसं मारता येईल?

"धंद्यासाठी" या मुद्द्याला अजिबात घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(7) चं स्पष्टीकरण बघा, स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यापुरती वस्तू घेतली तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय की मदतीला एकदोन माणसं असली तरी माणूस ग्राहकच राहतो. तक्रारीत मात्र हे वाक्य स्पष्ट लिहा, की मशीन मी स्वतः चालवतो आणि यावरच माझं घर चालतं. बरेच जण हेच लिहायचं विसरतात आणि तिथेच अडकतात.

कच्चा दुवा एकच. विक्रीच्या पानावर 120 व्होल्ट ठळक लिहिलेलं असेल तर केस बरीच ढिली पडते. तुम्ही म्हणता तिथे "भारतात वापरायला तयार" असं होतं, मग आजच स्क्रीनशॉट काढा, उद्या ते पान बदललं तर काय करणार, आणि स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालावा यासाठी त्याला भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते करून घेऊ.

स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यावरच पैसे परत येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग, तोही सांगलीचाच, कारण तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षं. मशीनची किंमत मागाच, आणि ते आठ दिवस बुडालेलं कपाटाचं कामही मागा, पण त्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवलाय ना, तो, बिल आणि प्लेटचा फोटो आधी मला पाठवा, नोटिशीचा मसुदा त्यावरून करतो.