कंसात क्ष असेल तर ‘आधी कंस’ कसा पाळायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ७ − २(३क्ष − ४) = क्ष + १ या समीकरणात आधी कंस सोडवायचा, पण ३क्ष मधून ४ वजा होतच नाहीत. म्हणून तुम्ही ७ − २ = ५ करून पुढे गेलात आणि क्ष = ३/२ आलं.

३क्ष आणि ४ ही विजातीय पदं आहेत (एकात क्ष आहे, दुसऱ्यात नाही), त्यामुळे कंसाच्या आत करण्यासारखं खरंच काही उरलेलं नाही. मात्र म्हणून बाहेरची वजाबाकी आधी करता येत नाही. कंसाला चिकटलेला २ आणि कंस यांच्यामध्ये गुणाकार आहे, त्याचं चिन्ह फक्त लिहिलेलं नसतं. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) प्रमाणे गुणाकार वजाबाकीच्या आधी, म्हणून तो २ आधी कंसाला गुणणार. ७ ची पाळी नंतर. अशा वेळी वितरणाचा गुणधर्म वापरून, म्हणजे बाहेरच्या संख्येने कंसातल्या प्रत्येक पदाला गुणून, कंस काढायचा, आणि गुणताना २ च्या मागचं उणे चिन्हही सोबत घ्यायचं:

७ − ६क्ष + ८ = क्ष + १

इथे + ८ कडे नीट बघा. −२ गुणिले −४ म्हणजे +८. बहुतेकांची गाडी इथेच घसरते: पहिल्या पदाला उणे लावतात आणि दुसरं पद − ८ असंच राहतं. तसं केलं तर उत्तर −२/७ येतं आणि आकडेमोड दिसायला अगदी सरळ वाटते. बरोबर मांडणीत पुढे १५ − ६क्ष = क्ष + १, मग १४ = ७क्ष, म्हणून क्ष = २.

आता ताळा. मूळ समीकरणात क्ष = २ ठेवा: डावीकडे ७ − २(६ − ४) = ७ − ४ = ३, उजवीकडे २ + १ = ३. तुमचं ३/२ ठेवून बघा, डावी बाजू ६ येते आणि उजवी अडीच. ताळा घेताना कंसात नुसत्या संख्या असतात, त्यामुळे ‘आधी कंस’ शब्दशः पाळता येतो. ताळा नेहमी मूळ समीकरणातच घ्या. मधल्या ओळीत घेतलात तर त्या ओळीआधीची चूक पकडली जात नाही.

दरवेळी कंस काढलाच पाहिजे असंही नाही. ३(क्ष − ५) + ४ = १९ हे बघा. क्ष वर क्रमाने काय काय झालंय? ५ वजा, मग ३ ने गुणाकार, मग ४ मिळवले. आता उलट्या क्रमाने मागे या: १९ मधून ४ गेले, १५. त्याला ३ ने भागलं, ५. त्यात ५ मिळवले, १०. क्ष एकाच जागी असेल तेव्हा मला हीच रीत जास्त आवडते, कारण प्रत्येक पायरी का केली हे सांगता येतं. तुमच्या उदाहरणात क्ष दोन्ही बाजूंना आहे, म्हणून तिथे कंस काढणंच बरं.

कंचेभागुबेव बद्दल एक सांगायलाच हवं, कारण पाठ करताना ते निसटतं. त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर असला तरी बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. १० − ३ + २ म्हणजे ९, ५ नाही. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.

आणि अपूर्णांकाची रेघ दिसली की तिथे न लिहिलेला कंस आहे असं धरा. क्ष वजा एक अपूर्णांक बरोबर ५, आणि त्या अपूर्णांकाच्या अंशात क्ष − १, छेदात ३ असेल, तर ३ ने गुणल्यावर ३क्ष − (क्ष − १) = १५ असं कंसासकट लिहा. मग २क्ष + १ = १५ आणि क्ष = ७. तो कंस लिहायचा राहिला तर + १ च्या जागी − १ येतो आणि क्ष ८ निघतो.