स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) एवढ्यात देऊन टाकू नकोस

प्रश्न : ताई, मी कोरेगावची, आठ वर्षं १५०० मीटर पळतेय. गुडघा गेला, यंदा सिलेक्शनपण हुकलं. घरचे म्हणतात बास आता. एवढी वर्षं वायाच गेली का?

उत्तर : अगं वाया कशी जातील! आधी गुडघा नीट दाखव. पेनकिलर खाऊन साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढायचा शहाणपणा मी केलाय, उतरताना आत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं तरी कोचना बोलले नाही आणि मग आख्खा सीझन घरात बसून काढला. पुढे नोकरीत चूक झाली की लगेच साहेबांना सांगायची सवय लागली ती त्यातूनच. आणि हरण्याचं म्हणशील तर आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले होते, ब्राँझ मिळालं ते १९५२ला हेलसिंकीत. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला दहावी आली, तिला कोण हरली म्हणतं? (सगळेच ऑलिंपिकला जात नाहीत म्हणा, मी तर स्टेटच्या पुढं गेलेच नाही.) घरच्यांकडं सहा महिने माग, डॉक्टर हो म्हणाले तर तोवर सायकल, पोहणं चालू ठेव. स्पाइक्स मात्र कुणाला देऊ नकोस, मी दिले, अजून चुटपुट लागते.